‘किती वाजता जाशील?’ : ओळखीच्या बारा माणसांना मतदान केंद्रापर्यंत नेण्याची रीत

२०२२ च्या विधानसभा निवडणुकीत फोंड्याची जागा ७७ मतांनी ठरली आणि सांत आंद्रेची ७६ मतांनी. मी फोंडा तालुक्यातली. १० मार्चला निकाल ऐकला आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या बोटांवर मोजायला लागले : आमच्या वाड्यावरून मतदानाला कोण कोण गेले नव्हते? धाकटी जाऊ. कुंडईच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला तिचा भाऊ. पुण्याला शिकणारी दोन मुले. गुडघे धरलेत म्हणून घरी राहिलेली शेजारची आजी. पर्वरीला बिऱ्हाड हलवलेले एक कुटुंब, त्यांची चार मते. आणखी दोघे. अकरा भरली. एका वाड्यातली अकरा माणसे, आणि त्यांतल्या एकालाही मी आधी विचारले नव्हते.

कोण जिंकले, कोण हरले याच्याशी या लेखाचा संबंध नाही. आपल्या ओळखीच्या माणसाचे मत वाया जाऊ नये असे ज्याला मनापासून वाटते आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, त्याच्यासाठी हे लिहिते आहे. दोन निवडणुका मी हे करत आले. जे जमले ते सांगते, जे फसले तेही सांगते.

आधी एक हिशेब. २०२२ ला गोव्यात साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार होते आणि विधानसभेच्या जागा ४०. म्हणजे एका मतदारसंघात सरासरी २९ हजार. मुंबईत एका मतदारसंघात अडीच-तीन लाख मतदार असतात, तिथे एकेकट्या माणसाला आपण काय करणार असे वाटले तर समजू शकते. इथे तसे नाही. प्रियोळची जागा त्याच वर्षी २१३ मतांनी ठरली. पंचायतीच्या प्रभागात तर एका मोठ्या घराण्याची मते पंच ठरवतात.

आणि आपल्याकडे मतदान मुळात कमी होत नाही, हे लक्षात ठेवा. २०१७ च्या विधानसभेला सुमारे ८३ टक्के झाले, २०२२ ला ७९ च्या आसपास, २०२४ च्या लोकसभेला ७६. उरतात ती माणसे आळशी असतात असे आपण सहज म्हणून टाकतो. माझ्या वहीतली नावे काढून पाहिली तर आळशी म्हणावा असा जेमतेम एक सापडेल. बाकी सगळ्यांचे काहीतरी अडलेले असते. कोणाचे काय अडले आहे ते शोधणे, हेच आपले काम.

वही घ्या, बारा नावे लिहा

फोनमधली यादी नको, कागदाची वही बरी. घरातली माणसे सोडून बारा नावे लिहा. पन्नास लिहाल तर एकालाही नीट भेटणार नाही, पहिल्या वेळी मी चाळीस लिहिली होती आणि निम्म्यांना नुसता मेसेज गेला.

नावे कुठून काढायची? ज्यांच्याकडे तुम्ही न सांगता जाऊन बसू शकता, ज्यांच्या घरच्या बऱ्यावाईटाला तुम्ही असता, तिथून. भजनी मंडळातले, स्वयंसहाय्य गटातल्या बायका, शिगम्याच्या रोमटामेळात बरोबर ढोल वाजवणारे, जत्रेच्या नाटकात काम करणारी पोरे, फोंडा-पणजी बसमध्ये रोज शेजारी बसणारी बाई, शाळेतली मैत्रीण. तुमचा शब्द ज्याच्याकडे चालतो तोच माणूस यादीत हवा. गावातल्या प्रतिष्ठित काकांना पटवायला जाऊ नका, त्यांच्याकडे तुमच्याआधी दहाजण गेलेले असतात.

प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा : नाव मतदार यादीत कुठे आहे, मतदानाच्या दिवशी हा माणूस कुठे असेल, आणि मागच्या वेळी गेला नसेल तर का. तिसरा रकाना भरता आला नाही तर विचारून भरा. ‘का गेला नाहीस?’ असे नाही. ‘मागच्या वेळी जमलं नव्हतं ना, काय झालं होतं?’ असे विचारले की माणूस मोकळा होतो.

सगळ्यात आधी यादीतले नाव

ही पायरी नवखे लोक वगळतात, आणि सगळ्यात जास्त मते इथेच जातात.

आमच्या एका मावशीची गोष्ट सांगते. नेसायची चांगली साडी नेसली, केसांत अबोलीचा वळेसर माळला, ओळखपत्र पदराच्या टोकाला बांधून सकाळी सव्वासातला रांगेत उभी. आत गेली तर यादीत नाव नाही. वाड्याची विभागणी होऊन तिचा भाग दुसऱ्या केंद्राला जोडला होता, पण ते तिला कोणी नीट सांगितले नाही. ती परत आली, साडी बदलली आणि विहिरीवर गेली. दुपारी मला कळले तेव्हा मी म्हटले, चल, दुसऱ्या शाळेत असेल. ‘आता नको गे,’ म्हणाली. तो अपमान होता. तो एकदा झाला की माणूस पुढच्या वेळी दहा निमित्ते काढतो.

म्हणून नाव आधी बघायचे, आणि तुम्ही स्वतः बघून द्यायचे. निवडणूक आयोगाच्या मतदार संकेतस्थळावर किंवा ॲपवर ओळखपत्राचा क्रमांक घातला की नाव, भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि केंद्राचे नाव येते. १९५० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. गावच्या बीएलओकडे, म्हणजे आपल्या केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, यादी असते. ती बहुधा अंगणवाडीतली बाई किंवा शाळेतला शिक्षक असते, म्हणजे ओळखीचीच. भाग आणि अनुक्रमांक एका चिठ्ठीवर लिहून त्या माणसाच्या हातात द्या. केंद्राचे नाव वाचून दाखवा. पटसंख्या घटून काही सरकारी प्राथमिक शाळा बंद झाल्या, काही एकत्र झाल्या, त्यामुळे ‘नेहमीची शाळा’ तीच असेल असे नाही.

मागच्या वेळी मत दिले म्हणून यंदा नाव असणारच, हेही आता धरून चालू नका. २०२५ च्या नोव्हेंबरपासून गोव्यात याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण झाले. घरोघरी गणना अर्ज आले, आणि ज्यांचे अर्ज भरून परत गेले नाहीत त्यांची नावे मसुदा यादीत आली नाहीत. कोणाचे घर बंद होते, कोणी कागद देवघराच्या फडताळात ठेवून विसरले. नाव गळले असेल तर फॉर्म ६ भरून पुन्हा घालता येते.

कोणता फॉर्म कशाला, एवढे पाठ असू द्या. नवीन नावासाठी ६. राहायची जागा बदलली, नावात चूक आहे, ओळखपत्र हरवले, या सगळ्याला ८. नाव काढायला किंवा कोणाच्या नावावर हरकत घ्यायला ७. अठरा पूर्ण होण्यासाठी आता वर्षातून चार तारखा धरतात : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्या मुलालाही आगाऊ अर्ज करता येतो. उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत नाव यादीत येऊ शकते, पण पडताळणीला दिवस लागतात. त्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी अर्ज गेला पाहिजे. महिनाभर आधी गेला तर उत्तम.

आपल्याकडच्या सुनांकडे विशेष लक्ष द्या. लग्न होऊन दोन-चार वर्षे झालेली मुलगी, नाव अजून माहेरच्या यादीत, माहेर डिचोलीला किंवा पेडण्याला. त्यात आपल्याकडे सासरी पहिले नावसुद्धा बदलायची रीत होती, काही घरांत अजून आहे. मग ओळखपत्रावर एक नाव, आधारवर दुसरे, आणि घरात हाक मारतात ते तिसरेच. तिला कोणी विचारत नाही आणि ती होऊन सांगत नाही. माझ्या जावेचे हेच झाले होते. फॉर्म ८ भरायला आम्हाला एक दुपार लागली, लग्नाच्या दाखल्याची प्रत जोडली, आणि चार वर्षे अडलेले काम झाले. तुमच्या बारांत अशी एक तरी सून असणार.

हे सगळे करायचा आपला हक्काचा मुहूर्त म्हणजे चवथ, आपली गणेशचतुर्थी. मुंबई, पुणे, बेळगाव, वास्को, जिथे असेल तिथून माणूस त्या दोन दिवसांत मूळ घरी येतो. माटोळी बांधून झाली, आरत्या झाल्या, खाजे-नेवऱ्यांची ताटे फिरली की घरातली पंधरा-वीस माणसे एका जागी बसलेली असतात. एक फोन काढा आणि सगळ्यांची नावे एकदमच बघा. विधानसभेचे मतदान २०१७ आणि २०२२ ला फेब्रुवारीत झाले. चवथीला चूक सापडली तर दुरुस्तीला महिने हातात राहतात.

बोलायचे कसे

‘मतदान हे आपले पवित्र कर्तव्य आहे’ हे वाक्य वहीच्या बाहेर ठेवा. ते सगळ्यांना माहीत आहे. भाषण ऐकून माणूस मान डोलावतो, पण ‘कधी, कसे’ हे ठरवत नाही. आपण ठरवून घ्यायचे आहे.

मागच्या वेळी शेजारच्या वयनींशी झालेले बोलणे जवळपास जसेच्या तसे देते. त्या ओसरीवर बसून नारळ किसत होत्या, मी उंबऱ्यावर टेकले.

‘वयनी, यंदा तुमचं मतदान कुठे?’

‘शाळेतच असणार.’

‘वरच्या वाड्याच्या की देवळाकडच्या?’

‘मागीर पळोवंया गे.’

हे ‘मागीर पळोवंया’, ‘नंतर बघू’, म्हणजे आपल्या गोंयकारांचे सगळ्यात गोड ‘नाही’. इथे नवखा माणूस थांबतो, किंवा उपदेश सुरू करतो. मी एवढेच विचारले : ‘दादांबरोबर जाणार का?’

‘ते आठला कामाला जातात. त्यांचं ते जाऊन येतील.’

‘मग तुम्ही?’

‘बघते. जेवणं आटोपली की. पण दुपारी ऊन असतं.’

‘मी सकाळी साडेसातला जाते. दारातून हाक मारू?’

त्यांनी हात थांबवला. ‘साडेसातला नळाला पाणी येतं. आठला मार.’

झाले. एवढेच हवे होते. आठ वाजता, माझ्याबरोबर, पाणी भरून झाल्यावर. नळाची वेळ मला माहीत नव्हती आणि कोणत्याही पत्रकावर ती छापलेली नसते. माणसाच्या दिवसात मतदानाला जागा करून द्यायची तर त्याचा दिवस आधी कळला पाहिजे. म्हणून विचारायचे प्रश्न तीनच : किती वाजता, कोणाबरोबर, त्याआधी आणि त्यानंतर काय काम आहे. उत्तर त्याच्या तोंडून येऊ द्या. आपण सुचवलेली वेळ माणूस विसरतो, स्वतः सांगितलेली पाळतो.

याला अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेत २००८ साली मतदारांना फोन करून ‘किती वाजता जाल, कुठून जाल, त्याआधी काय करत असाल’ एवढे विचारून पाहिले, आणि ज्यांना हे विचारले त्यांच्यातले जास्त लोक मतदानाला गेले. ज्या घरांत एकच मतदार होता तिथे याचा परिणाम सगळ्यात जास्त दिसला. २०१० साली तिथल्याच निवडणुकीच्या दिवशी फेसबुकने सहा कोटींहून अधिक लोकांना मतदानाची आठवण दाखवली. नुसत्या आठवणीने जवळपास काही झाले नाही. ज्यांना आपल्या मित्रांचे चेहरे, ‘यांनी मत दिले’ असे, दिसले त्यांच्यात फरक पडला, आणि तो बहुतेक जवळच्या मित्रांमुळे पडला. देश वेगळा, पण वयनींच्या उंबऱ्यावर मला हेच दिसले.

व्हॉट्सॲपबद्दल एक सांगते. गटात टाकलेला मेसेज सगळ्यांसाठी असतो, म्हणून कोणासाठीच नसतो. एकेकट्याला लिहा, त्याच्या नावाने. वाचायला कंटाळणाऱ्यांना आवाजी मेसेज पाठवा. तोही अर्ध्या मिनिटाचा.

आणि ‘कोणाला देणार?’ हे कधीही विचारू नका. चुकून उत्तर आले तरी तिकडे बोलणे वळवू नका. तुम्ही एखाद्या पक्षाचे काम करत असाल तर पहिल्या वाक्यातच सांगून टाका, गावात तसेही सगळ्यांना ठाऊक असते. लपवून केलेले बोलणे नंतर उघडे पडते आणि मग तुमच्या ‘मतदान कर’ला काही किंमत राहत नाही.

‘जाऊन काय उपयोग?’

हे ऐकायला मिळेल, आणि गोव्यात ते ऐकताना मान खाली जाते. २०१९ च्या जुलैत १० आणि २०२२ च्या सप्टेंबरात ८ आमदार निवडून आलेला पक्ष सोडून दुसऱ्यात गेले. ‘आम्ही एकाला निवडतो, तो दुसऱ्याचा होतो’ असे कोणी म्हणाले तर त्याचे चुकत नाही. वाद घालू नका. पूर्ण बोलू द्या. माझा अनुभव असा की पाच मिनिटे रागाने बोललेला माणूस बहुतेक वेळा मत द्यायला जातो, कारण त्याला अजून काहीतरी वाटते आहे. खरी काळजी ‘हां, हां, जाईन’ म्हणून विषय बदलणाऱ्याची.

बोलून झाल्यावर मी आकडा सांगते. ७७. बस, एवढाच. किंवा वडीलधाऱ्यांना १९६७ ची आठवण करून देते. त्या वर्षी १६ जानेवारीला जनमत कौल झाला, फूल आणि दोन पाने या निशाण्या होत्या, आणि गोव्याने महाराष्ट्रात जायचे की वेगळे राहायचे ते ३४,०२१ मतांच्या फरकाने ठरले. तेव्हा घरातले कोण कोणत्या बाजूला होते यावर अजूनही ओसरीवर आवाज चढतात. चढू देत. त्या दिवशी घरी बसलो होतो असे मात्र कोणी अभिमानाने सांगत नाही.

‘एकही उमेदवार पटत नाही’ म्हणणाऱ्याला नोटाचे बटण २०१३ पासून आहे हे सांगा. पण खरे तेच सांगा : नोटाला कितीही मते पडली तरी उमेदवारांत जास्त मते मिळवणारा निवडून येतो.

‘आमच्या वाड्याने कोणाला दिले ते पंचाला कळते’ ही भीती खेड्यांत खोल आहे, तिच्यावर हसू नका. मोजणी केंद्रवार होते, त्यामुळे एका केंद्रावर एकूण किती मते कोणाला ते बाहेर येते. पण एका माणसाचे मत कोणालाही कळत नाही. मत कोणाला गेले ते छापणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राची चिठ्ठी सात सेकंद काचेमागे दिसते आणि पेटीत पडते, हातात येत नाही. तिच्यावर मतदाराचे नाव नसते. २०१७ ला गोव्यात सगळ्या केंद्रांवर ही यंत्रे होती, म्हणजे वडीलधाऱ्यांनी ती पाहिली आहेत. नीट सांगितले की पटते.

कोणी पैसे किंवा वस्तू वाटत असेल तर तो गुन्हा आहे, देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचाही. सी-व्हिजिल ॲपवर फोटोसह तक्रार करता येते. बोलण्यातून मात्र समोरच्याला लाजवू नका.

ज्यांच्यासाठी वेगळी तजवीज लागते

८५ च्या पुढची माणसे आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेले मतदार घरून मत देऊ शकतात. फॉर्म १२ डी भरावा लागतो, तो निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत गेला पाहिजे. बीएलओ घरी आणून देते, पण वाट बघत बसू नका, विचारा. मग ठरलेल्या दिवशी अधिकारी घरी येतात आणि मतपत्रिकेवर गुप्तपणे मत घेतात. एकदा घरून मत द्यायचे मान्य झाले की केंद्रावर जाऊन देता येत नाही, हे आजीला आधीच सांगा. काही आज्यांना रांगेतच उभे राहायचे असते. आमची ती गुडघेवाली आजी तशीच. ‘मी त्रेसष्ट सालापासून जाते, माझ्याकडे कोणी यायला नको,’ म्हणाली. १९६३ च्या डिसेंबरात गोव्याची पहिली विधानसभा निवडणूक झाली, तेव्हाची तिची आठवण आहे. तिला खुर्ची, काठी आणि नातवाचा हात एवढेच हवे होते. दिसत नाही किंवा बटण दाबता येत नाही अशा माणसाबरोबर अठरा वर्षांवरचा सोबती आत जाऊ शकतो. एका दिवसात एक सोबती एकाच मतदारासाठी जाऊ शकतो.

हॉटेल, कारखाना, दुकान, टॅक्सी. मतदानाच्या दिवशी पगारी सुटीचा हक्क लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब मध्ये आहे, रोजंदारीवाल्यालाही. पण कळंगुटच्या हॉटेलात काम करणारा सत्तरी तालुक्यातला मुलगा त्या दिवशी कलम दाखवणार नाही, हे आपल्याला माहीत आहे. पाळी कधी आहे ते आठ दिवस आधी विचारा, साहेबाशी बदलून घ्यायला लावा. दुचाकीवर दोघे-तिघे एकाच दिशेचे असतील तर त्यांची एकमेकांशी गाठ घालून द्या. रात्रपाळीवाल्याला सांगा, घरी येऊन झोपायच्या आधी जा. एकदा पाठ टेकली की गेले.

बाहेर शिकणाऱ्या मुलांना तारीख जाहीर झाल्याच्या दिवशीच फोन करा, तिकिटाचे बघता येते.

परदेशातली माणसे दोन प्रकारची. भारतीय पासपोर्ट असलेला, आखातात किंवा जहाजावर कामाला असलेला माणूस मतदार राहू शकतो, कायम बाहेर राहणाऱ्यासाठी फॉर्म ६ ए आहे. मात्र मत द्यायला पासपोर्ट घेऊन प्रत्यक्ष यावे लागते. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेला माणूस भारताचा नागरिक राहत नाही आणि त्याला मत नाही, जुन्या यादीत नाव दिसले तरी. पण या दोघांनाही एक काम सांगता येते : मतदानाच्या सकाळी घरी फोन करून विचारा, ‘आई, गेलीस का?’ कुवेतहून आलेल्या त्या एका फोनाने माझ्या चार भेटींचे काम केले आहे.

आणि सिंधुदुर्गातून, कर्नाटकातून इथे येऊन राहिलेले. नाव एकाच ठिकाणी असू शकते. दोन ठिकाणी ठेवणे गुन्हा आहे. जिथे खरोखर राहता तिथे फॉर्म ८ ने बदलून घ्या, एवढेच सांगायचे.

पहिल्यांदा जाणाऱ्याला आत काय होते ते सांगा

मुले कबूल करत नाहीत, पण आत चुकू असे त्यांना वाटते. म्हणून घरीच सांगा. पहिला अधिकारी यादीतले नाव आणि ओळखपत्र बघतो. दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो, नोंदवहीत सही घेतो, चिठ्ठी देतो. तिसरा चिठ्ठी घेऊन यंत्र सुरू करतो. आडोशाला जायचे, निळे बटण दाबायचे, लाल दिवा लागतो, शेजारच्या यंत्रात चिठ्ठी दिसते, लांब आवाज येतो. झाले. मोबाइल आत नेता येत नाही. ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेले बँकेचे किंवा टपालाचे पासबुक यांतले काही चालते. नुसती मतदार चिठ्ठी चालत नाही. तुमचे मत आधीच कोणी देऊन गेले असे निघाले तर घरी परतू नका, केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मत मागा. मतपत्रिका मिळते.

शेवटचे दोन दिवस आणि तो दिवस

मतदान संपायच्या आधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो, आणि केंद्रापासून १०० मीटरच्या आत मत मागता येत नाही. आपण कोणासाठी मत मागतच नाही. तरीही त्या दिवशी पक्षाचा बिल्ला, टोपी, रंगीत उपरणे अंगावर नको. उमेदवाराने किंवा त्याच्या माणसांनी मतदारांची फुकट ने-आण करणे हा भ्रष्ट आचार ठरतो, तेव्हा कोणा उमेदवाराने दिलेल्या गाडीत आपली माणसे बसवू नका. स्वतःच्या गाडीतून, स्वतःच्या पेट्रोलवर शेजारच्या आजीला न्या.

आदल्या संध्याकाळी बारांना एकेक फोन. नवे काही सांगायचे नाही : ‘उद्या आठला ना?’ एवढेच.

सकाळी तुम्ही स्वतः लवकर मत द्या. २०२४ ला वेळ सकाळी ७ ते संध्याकाळी ६ होती. मग वही उघडा आणि जो जाऊन आला त्याच्या नावावर खूण करा. शाई लावलेले बोट ज्यांनी पाठवले त्यांना तिथल्या तिथे सांगा : ‘आता तुझ्या भावाला विचार.’ प्रत्येकाने एकेकाला विचारले तर बाराचे चोवीस होतात, आणि त्या दुसऱ्या बारांची घरे तुम्हाला माहीतही नसतात.

दुपारी जेवणानंतर पहिली उजळणी, चार वाजता दुसरी. चारला जे उरतात त्यांना मेसेज नको, जा. आमच्या जावेचा भाऊ २०२४ ला साडेपाचपर्यंत झोपला होता. उठवला, चहाही दिला नाही, मागे बसवून नेले. सहाला पाच मिनिटे असताना रांगेत उभा राहिला. सहा वाजता जो रांगेत असतो त्याला चिठ्ठी देतात, आणि रांग कितीही लांब असली तरी त्याचे मत घेतात. म्हणून साडेपाचला ‘आता कशाला’ म्हणू नका.

दुसऱ्या दिवशी वही पुन्हा काढा. जे गेले त्यांना ‘देव बरें करूं’ म्हणा. जे गेले नाहीत त्यांच्या तिसऱ्या रकान्यात कारण लिहा, रागावू नका. पंचायतीची आणि जिल्हा पंचायतीची निवडणूक राज्य निवडणूक आयोग वेगळी घेतो, तेव्हा हीच वही लागते. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर सध्या एकच नाव आहे : वयनींची धाकटी, तिला जूनमध्ये अठरा पूर्ण होतात, १ जुलैच्या तारखेत बसते. फॉर्म ६ छापून ठेवला आहे. फोटो तेवढा राहिला, तो ती शनिवारी फोंड्याला गेली की काढून आणते.